चुकांच्या वहीत नेमके काय लिहावे? : खानदेशातील परीक्षार्थींची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी राज्यसेवेची तयारी करते. प्रत्येक सराव चाचणीनंतर चुकलेले प्रश्न आणि त्यांची बरोबर उत्तरे वहीत उतरवते. अशा दोन वह्या भरल्या, तरी त्याच चुका पुन्हा होतात. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन कोठे भरले, हा प्रश्न दोन चाचण्यांत चुकला. मी यावल तालुक्यातीलच असल्याने फारच वाईट वाटले. (यावल)

उत्तर : आपल्या वहीत बरोबर उत्तर आहे, चूक मात्र कुठेच नाही. ‘फैजपूर’ हा शब्द तुम्ही दोनदा लिहिला असेल, पण त्या वेळी ‘हरिपुरा’ किंवा जो कोणता पर्याय निवडला तो का निवडला, हे लिहिले नसेल. माझा तर्क असा, की खेड्यातील अधिवेशन म्हटल्यावर सुभाषबाबूंचे हरिपुरा चटकन डोळ्यांपुढे येते आणि त्याआधीचे फैजपूर मागे पडते. तसे असेल तर नोंद अशी हवी : ‘खेडे म्हटल्यावर हरिपुरा आठवले, क्रम तपासला नाही.’ मग त्या एका प्रश्नापुरते न थांबता पूर्ण क्रम शेजारी मांडावा. लखनौ एप्रिल १९३६ आणि फैजपूर डिसेंबर १९३६, दोन्हींचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. हरिपुरा १९३८ आणि त्रिपुरी १९३९, दोन्हींचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. एकाच वर्षात दोन अधिवेशने आणि लागोपाठ दोनदा तेच अध्यक्ष, ही या भागातील खरी गल्लतीची जागा आहे आणि आयोग प्रश्न विचारतो तो नेमका अशाच जागी.

चूक माहिती नसल्यामुळे झाली, दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे झाली, की प्रश्न नीट न वाचल्यामुळे झाली, हेही एका शब्दात लिहावे. माहितीच नव्हती अशा चुकांवर फार शाई खर्च करू नये. तो घटक पुस्तकातून पुन्हा वाचावा, इतकेच. वहीची खरी मालकी गल्लतीच्या चुकांकडे असावी, कारण पुस्तक पुन्हा वाचताना ‘हे तर येते’ असे वाटून नेमका तोच भाग आपण भराभर ओलांडतो. तापीच्या उपनद्यांचे असेच होते. पांझरा, बोरी, गिरणा, अनेर ही सगळी नावे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात, पण यांतील अनेर तेवढी उजव्या तीरावरून तापीला मिळते, हे विचारले की हात अडखळतो.

प्रश्न : पोलीस भरतीसाठी गणित करतो. पद्धत येते, पण उत्तर चुकते. सर म्हणतात, ‘सिली मिस्टेक आहे, लक्ष दे.’ लक्ष म्हणजे नेमके काय द्यायचे? (शहादा)

उत्तर : ‘सिली मिस्टेक’ हा शेरा वहीतून हद्दपार करावा. तो लिहिला की शोध तिथेच थांबतो. आपण पाठवलेल्या कच्च्या कामातील एक उदाहरण पाहू. १८० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने १२० मीटरचा फलाट किती सेकंदांत ओलांडेल? आपण ५४ चे १५ मीटर प्रति सेकंद असे बरोबर रूपांतर केले, मग १८० ला १५ ने भागून १२ हे उत्तर निवडले. फलाट विसरलात. गाडीची आणि फलाटाची लांबी मिळून ३०० मीटर होते, म्हणून उत्तर २० सेकंद. १२ हा आकडा पर्यायांत सहज सापडला, कारण प्रश्न काढणाऱ्याने तो आपल्यासाठीच तेथे ठेवलेला असतो. पर्यायांत उत्तर दिसले म्हणजे ते बरोबर, हा भरवसा सोडून द्यावा. या चुकीची नोंद ‘प्रश्नातील एक संख्या वापरलीच नाही’ अशी करावी. कच्चे काम खोडू नये, कोपऱ्याकोपऱ्यात न करता ओळीने करावे आणि चाचणीनंतर चुकीची ओळ लाल पेनाने अधोरेखित करावी. पाच-सहा चाचण्यांनंतर लाल रेघा दोन-तीन ठरावीक जागीच गोळा झालेल्या दिसतील. ‘लक्ष’ तेथे द्यायचे.

प्रश्न : ऋण गुणांच्या भीतीने मी बरेच प्रश्न सोडून देतो. मित्र म्हणतात, सगळे सोडव. (भुसावळ)

उत्तर : आधी हिशेब. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्नांना २०० गुण आहेत आणि चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण वजा होतो. पाच अंदाजांपैकी एक बरोबर आला, तर दोन गुण मिळतात आणि दोनच जातात. त्याहून अधिक बरोबर आले तर फायदा. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत एक तृतीयांश कपात असल्यामुळे तेथे चारांत एक बरोबर यावा लागतो.

परंतु मित्रांचे किंवा माझे गणित तुमच्या अंदाजाला लागू पडतेच असे नाही, म्हणून त्याची स्वतंत्र नोंद ठेवावी. चाचणी सोडवतानाच, दोन पर्यायांत अडकून निवडलेल्या प्रश्नापुढे टिंब आणि निव्वळ अंदाजाच्या प्रश्नापुढे फुली करावी. नंतर टिंबांचा आणि फुल्यांचा वेगळा हिशेब करावा. टिंबांपैकी निम्मीही बरोबर येत नसतील, तर पर्याय बाद करतानाच तुम्ही योग्य उत्तर बाद करत आहात, असे समजावे. बरोबर आलेली फुलीसुद्धा वहीत यावी. तो गुण मिळाला असला तरी ते ज्ञान अजून तुमचे झालेले नाही. बहुतेक विद्यार्थी हे टाळतात, कारण मिळालेल्या गुणावर संशय घेणे कोणालाच आवडत नाही.

प्रश्न : वही बरी की मोबाइलमधील तक्ता? (धुळे)

उत्तर : जे आठ दिवसांनी पुन्हा उघडाल ते. रंगीत तक्ते आखण्यात संध्याकाळ घालवणारे विद्यार्थी अभ्यासिकांतून पुष्कळ दिसतात.

प्रश्न : क्लासच्या उत्तरतालिकेत माझे उत्तर चूक आहे, पुस्तकात मात्र बरोबर दिसते. अशा वेळी नोंद काय करावी? (अमळनेर)

उत्तर : प्रश्न आयोगाच्या जुन्या पेपरातील असेल, तर आयोगाची अंतिम उत्तरतालिका पाहावी. आयोग आधी पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो आणि त्यानंतर काही उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. क्लासच्या छापील संचात कधी कधी पहिलीच तालिका राहून गेलेली असते. प्रश्न क्लासनेच तयार केलेला असेल, तर राज्य मंडळाचे किंवा एनसीईआरटीचे पाठ्यपुस्तक प्रमाण मानावे, पान क्रमांक लिहून ठेवावा आणि तो प्रश्न चुकांच्या मोजणीतून वगळावा. मात्र दोन विधानांचा प्रश्न असेल, तर वगळण्यापूर्वी ‘योग्य विधान’ विचारले होते की ‘अयोग्य’, हे एकदा पुन्हा वाचावे.