शिफ्टनंतर कानाला दडे बसतात, सकाळी मोकळं वाटतं. तरी कानात घालायचे प्लग लागतात का?

तुम्ही लिहिलंय की ग्राइंडिंगला लागून आठ महिने झाले, शिफ्ट सुटल्यावर कानाला दडे बसतात, सकाळी बरं वाटतं आणि जुने कामगार म्हणतात, होईल सवय.

प्लग लागतात, आणि आजपासूनच. मी २२ वर्षं फॅब्रिकेशनमध्ये काढली. मलाही सवय झाली असंच वाटायचं. पण कानाला आवाजाची सवय होत नसते. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी आधी थकतात, रात्रीतून सावरतात. रोज तोच मारा झाला की मरतात, आणि माणसात त्या पुन्हा येत नाहीत. जुन्यांना त्रास होत नाही, कारण त्यांना ऐकूच कमी येतं.

माझ्या ऐकण्याच्या तपासणीत आलेख ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक, उंच आवाजांपाशी, खड्ड्यात गेल्यासारखा खाली आला होता. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. स, श, फ गळून जातात. लेक काही सांगते, मी नुसती मान हलवतो, आणि ते तिच्या लक्षात येतं.

हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर तिथे ८५ डेसिबलच्या वर आहे असं धरून चाला. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ ला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं!

फोमचा प्लग बहुतेक जण कानाच्या तोंडाशी नुसता टेकवतात. हात धुवा, प्लग वळून बारीक, सुरकुती नसलेली वात करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, वात आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. मध्येच बोलायला काढू नका. आठ तासांत अर्धा तास जरी काढला, तरी ३० डेसिबल अडवणारा प्लग दिवसाच्या हिशेबात १२ चाच उरतो.

खरं तर प्लग हा शेवटचा उपाय. थरथरणारा पत्रा नीट क्लॅम्प करणं, खाली रबर घालणं, हवेच्या नळीला कमी आवाजाचं नोझल, ग्राइंडिंगला आडोसा, हे आधी मालकाकडे मागा.

आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, सुट्टीनंतर सकाळी, कामावर जायच्या आधी. रिपोर्टची प्रत स्वतःजवळ ठेवा. माझी पहिली तपासणी अकराव्या वर्षी झाली, त्यामुळे किती कधी गेलं हे कुणालाच सांगता आलं नाही.