विचारल्याने तो विचार बळावतो का?

"मॅडम, मी त्याला आत्महत्येबद्दल थेट विचारले आणि नसलेला विचारच त्याच्या डोक्यात घातला, तर?" माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक नातेवाइकांच्या मनात ही भीती असते. ती बोलून दाखवणाऱ्या एका ताईंचा अनुभव त्यांच्या आणि त्यांच्या भावाच्या संमतीने, ओळख पटणारे तपशील बदलून, मांडते आहे.

धाकट्या भावाचे अबोल होणे, पहाटेच जागे होणे, भूक मंदावणे, आवडीच्या कामातही मन न लागणे, हे सारे घरच्यांनी 'कामाचा ताण' म्हणून सोडून दिले होते. ताईंना धास्ती बसली ती निराळ्याच गोष्टीने: विम्याची आणि बँकेची कागदपत्रे त्याने एका फायलीत लावली, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली आणि "तुला शोधत बसायला नको," एवढेच म्हणून ती त्यांच्या हाती दिली. अशी निरवानिरव दिसली की थांबू नये.

विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजतो, हा समज संशोधनात खरा ठरलेला नाही. उलट मनात घोळणारे कुणापुढे तरी उघड करता आल्याने अनेकांना मोकळे वाटते. प्रश्न मात्र आडवळणाचा नसावा. "तू तसले काही करणार नाहीस ना?" असे विचारले की समोरचा "नाही" म्हणून सुटतो.

त्याच रात्री ताईंनी विचारले, "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का रे?" बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "रोज येतात." 'आईबाबांचा विचार कर', 'तुला कशाची कमी आहे' ही वाक्ये त्यांच्या ओठांवर आली होती, पण आपण घरच्यांना ओझे झालो आहोत असे मानणाऱ्या माणसाच्या वाट्याला अशा बोलण्यातून अपराधीपणाच येतो, म्हणून त्या ऐकत राहिल्या. काही ठरवले आहे का, हेही त्यांनी विचारले. बेत ठरलेला नव्हता, तरी त्यांनी त्याला रात्रभर एकटे सोडले नाही, धोक्याच्या वाटणाऱ्या वस्तू घरातून हलवल्या आणि सकाळी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. बेत ठरलेला असेल, तर सकाळचीही वाट न पाहता रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा, हे मी आग्रहाने सांगते.

नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. या काळात कधी कधी अंगात उत्साह आधी परततो आणि निराशा मात्र तशीच असते, त्यामुळे 'आता बरा दिसतो' म्हणून सोबत सैल करणे धोक्याचे ठरते. बरे वाटू लागल्यावरही औषध निदान ६ महिने चालू ठेवण्याचा सल्ला सहसा दिला जातो. ते परस्पर बंद करू नये.

पुढे आम्ही तिघांनी बसून सुरक्षिततेचा आराखडा लिहिला: मन खचू लागल्याची त्याची स्वतःची लक्षणे, त्या वेळी कुठे जाऊन बसायचे, कुणाला फोन करायचा. सारा भार ताईंवर पडू नये म्हणून दुसरे नाव एका मित्राचे घालावे, हे त्याने स्वतःच सुचवले आणि त्या मित्राला सगळे सांगण्याची जबाबदारीही स्वतःकडेच घेतली.