किडनी बदलली की आयुष्यभर गोळ्या, मग कृत्रिम खुब्याला का नाही?

तुम्ही विचारलंय की, दुसऱ्या माणसाची किडनी शरीर नाकारू नये म्हणून कायम गोळ्या घ्याव्या लागतात, मग धातू-प्लास्टिकचा खुबा तर त्याहून परका, तो शरीर मुकाट्याने कसा ठेवून घेतं?

मुकाट्याने नाहीच ठेवून घेत. इम्प्लांटभोवतीच्या ऊतींच्या स्लाइड तपासणं हे माझं रोजचं काम, आणि तिथे काही ना काही चाललेलं असतंच. फरक इतकाच की तो गोंधळ वेगळ्या पेशी घालतात.

किडनीवर चाल करून जातात त्या प्रामुख्याने टी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. परक्या पेशींवरची एचएलए प्रथिनं (माणसागणिक वेगळी असणारी पेशींची ओळखखूण) त्या ओळखतात, आणि गोळ्या मुख्यतः त्यांनाच आवरतात. टायटॅनियमवर एचएलए असणार कुठून? (निकेल किंवा कोबाल्टची ॲलर्जी असलेल्यांची गोष्ट वेगळी, तिथे टी-पेशी येतात.) इथे पुढे होतात न्यूट्रोफिल आणि त्यांच्यामागून मॅक्रोफेज, दोन्ही जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी.

गंमत म्हणजे त्यांना धातू दिसतच नाही. इम्प्लांटला रक्त लागताच काही सेकंदांत त्यावर प्रथिनांचा थर चढतो. त्यातलं फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन पृष्ठभागाला चिकटताना उलगडतं, एरवी आत दडलेला त्याचा भाग उघडा पडतो आणि मॅक्रोफेज नेमका तोच धरतात. मग गिळायचा प्रयत्न सुरू होतो. पण घास आपल्यापेक्षा हजारो पटींनी मोठा! तेव्हा अनेक मॅक्रोफेज एकमेकांत विरघळून एकच महाकाय पेशी बनते. स्लाइडवर ती लगेच ओळखू येते: एकाच गुलाबी पसाऱ्यात जांभळी केंद्रकं, कधी डझनांनी. पृष्ठभागाला चिकटून ती खालच्या फटीत आम्ल आणि मुक्त मूलकं (समोर येईल त्याची मोडतोड करणारे रेणू) सोडते. पेसमेकरच्या तारांवरच्या पॉलियुरेथेन या प्लास्टिकला पूर्वी तडे जायचे, त्यात या पेशींचा मोठा हात होता. तरीही वस्तू संपत नाही म्हटल्यावर फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येऊन तिच्याभोवती कोलॅजन या चिवट प्रथिनाचं आवरण विणतात. हे सगळं काही आठवड्यांत उरकतं.

आवरण पातळ असेल तर बहुतेक इम्प्लांटना काही फरक पडत नाही. हाडात घट्ट बसलेल्या टायटॅनियमला तर हाड थेट येऊन भिडतं. त्वचेखालच्या ग्लुकोज सेन्सरला मात्र हेच आवरण नडतं, कारण ग्लुकोज पलीकडे नीट पोहोचत नाही.

खुब्याची खरी अडचण वेगळीच आहे: झीज. आधुनिक कृत्रिम खुबा घडवणारे ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी सुरुवातीला खुब्याची वाटी टेफ्लॉनची केली होती. ती भराभर झिजली आणि भोवतीच्या ऊती चिडल्या. मग त्यांनी टेफ्लॉन आणि पॉलिएथिलीन या दोन्ही प्लास्टिकांचा चुरा स्वतःच्याच मांडीत घालून पाहिला! टेफ्लॉनच्या गाठी हाताला लागू लागल्या. 1962 पासून त्यांनी पॉलिएथिलीन वापरायला घेतलं.

पण पॉलिएथिलीनही झिजतंच, फक्त हळू. त्याचे एक मायक्रॉनहून लहान कण मॅक्रोफेजला सहज गिळता येतात, पचवता मात्र येत नाहीत. सैल झालेल्या खुब्याभोवतीची ऊती साध्या प्रकाशात पाहिली तर फेसाळ मॅक्रोफेजची गर्दी दिसते. ध्रुवित प्रकाश (एकाच दिशेत कंप पावणारा) लावला की पार्श्वभूमी काळी पडते आणि प्लास्टिकचे कपचे लखलखू लागतात. अगदी बारीक कण तर या सूक्ष्मदर्शकातून सुटेसुटे दिसतही नाहीत. पोट भरलेली पेशी टीएनएफसारखे दाह वाढवणारे रासायनिक संदेश सोडत राहते, त्याने हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी चेकाळतात. एकही जंतू नसताना हाड पोखरलं जातं आणि खुबा हलायला लागतो. माझ्या मते 'शरीराने इम्प्लांट नाकारलं' असं जे सरसकट म्हटलं जातं, त्यातला बराच भाग हा असतो, आणि उरलेल्यात बऱ्याचदा जंतुसंसर्ग निघतो.

म्हणूनच 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून क्रॉसलिंक केलेलं (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं), फारच कमी झिजणारं पॉलिएथिलीन आलं. आकारावरही लोक काम करताहेत. 2015 मध्ये उंदीर आणि माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की अल्जिनेट या समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या गोळ्यांभोवती आवरण जमतं, पण त्याच पदार्थाच्या दीड मिलिमीटरच्या गोळ्यांभोवती ते खूपच कमी. असं का, यावर अजून वाद आहेत.

तुमच्या घरी कुणाचा खुबा बदललेला असेल तर एवढं सांगते: हाडाची ही पोखरण बराच काळ दुखत नाही. डॉक्टर काही वर्षांनी काहीच त्रास नसताना एक्स-रे काढायला सांगतात तो यासाठीच.