अपग्रेड मध्येच थांबून ‘तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ?’ असं विचारतं, तेव्हा काय दाबायचं?

प्रश्न होता: डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर अपग्रेड करताना मध्येच थांबून ‘ही कॉन्फिग (सेटिंगची) फाइल बदललेली आहे, तुमची ठेवू की पॅकेजची (प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यात आलेली) घेऊ’ असं विचारलं. मी गडबडीत वाय दाबलं. माझ्या सेटिंग गेल्या का? आणि पुढच्या वेळी काय दाबायचं?

गेल्या नाहीत. ज्या फाइलसाठी वाय दाबलंत तिच्याच शेजारी, तिच्याच नावापुढे ‘डॉट डीपीकेजी-ओल्ड’ असं शेपूट लागलेली फाइल बघा. ती तुमची. (शेपूट ‘यूसीएफ-ओल्ड’ असंही असू शकतं, त्यावर पुढे बोलतो.) पण ती आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा. याच फाइलसाठी पुढे कधी पुन्हा वाय दाबलंत, तर ही प्रत जाऊन तिच्या जागी त्या वेळची येईल.

हे मी मार खाऊन शिकलोय. एका पतसंस्थेचा सर्व्हर डेबियन १० वरून ११ वर नेत होतो, रविवारी रात्री. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मुख्य फाइलपाशी हाच प्रश्न आला. नवं ते चांगलं असं धरून वाय दाबलं आणि झोपलो. सोमवारी शाखेतून फोन: ‘सर, आधारचे फोटो चढत नाहीत.’ लॉगमध्ये ४१३ या एररची (पाठवलेली फाइल फार मोठी) रांग लागलेली. अपलोडची मर्यादा २० एमबी करणारी माझी एक ओळ त्या फाइलमध्ये होती, ती गेली आणि एनजिनएक्स आपल्या मूळच्या १ एमबीवर आला. चूक शंभर टक्के माझी. डेबियनने विचारलं होतं, मी वाचलं नव्हतं.

मुळात डीपीकेजी, म्हणजे डेबियनवर पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, हे विचारतो कधी, हे कळलं की निम्मी भीती जाते. पॅकेजने मागच्या वेळी दिलेल्या मूळ फाइलचा एमडी५ चेकसम (मजकुरावरून काढलेला ठसा) डीपीकेजीने स्वतःकडे नोंदवून ठेवलेला असतो. अपग्रेडच्या वेळी तो तिघींना शेजारी ठेवतो: ती जुनी मूळ फाइल, नव्या पॅकेजमधली, आणि आत्ता डिस्कवर असलेली. तुम्ही हात लावला नसेल तर मुकाट्याने नवी बसवतो. तुम्ही बदल केलेत पण पॅकेजवाल्यांनी नाही, तर तुमची तशीच राहते. दोघांनीही बदल केले असतील तरच तो थांबतो. म्हणजे हा प्रश्न दिसला याचा अर्थच असा की दोन्हीकडे काहीतरी वाचण्यासारखं आहे.

यातलीच एक गंमत. कॉन्फिग फाइल तुम्ही डिलीट केलीत, तर तोही तुमचा निर्णय म्हणून तो पाळतो. मग लोक पॅकेज रीइन्स्टॉल करत बसतात आणि फाइल काही परत येत नाही. तिथे ‘फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय द्यावा लागतो.

तर, प्रश्न आला की आधी डी दाबा. फरक दिसतो: वजा चिन्हाच्या ओळी तुमच्या, अधिक चिन्हाच्या ओळी पॅकेजच्या. माझ्या त्या रात्री डी दाबलं असतं तर वजात २० एमबीची ओळ दिसली असती आणि अधिकमध्ये टीएलएस १.३ (सुरक्षित जोडणीची नवी पद्धत) चालू करणारी. दोन्ही हव्याच होत्या. अशा वेळी एन दाबायचं. नुसतं एंटर मारलं तरी एनच धरलं जातं. तुमची फाइल राहते आणि नवी ‘डॉट डीपीकेजी-डिस्ट’ नावाने शेजारी पडते. अपग्रेड संपलं की फाइंड कमांडने एट्सी या सेटिंगच्या फोल्डरात अशा शेपटाच्या फाइली शोधायच्या आणि हवं ते हाताने आपल्या फाइलमध्ये घ्यायचं. कंटाळवाणं आहे, पण पाच-सात फाइलींच्या वर क्वचितच जातं.

एसएसएचची (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) फाइल आणि काही इतर फाइली यूसीएफ नावाचं वेगळं साधन सांभाळतं. तिथे प्रश्न निळ्या पडद्यावर येतो आणि शेपटं ‘यूसीएफ-डिस्ट’, ‘यूसीएफ-ओल्ड’ अशी असतात, म्हणून शोधताना तीही धरा.

‘डोळे झाकून एन’ हेही सगळीकडे चालत नाही. डेबियन १३ मध्ये मेलसाठीचं डव्हकॉट २.४ आलं आणि त्याला २.३ ची कॉन्फिग चालतच नाही. जुनी फाइल जपलीत तर सर्व्हिस उठणारच नाही. मोठ्या अपग्रेडआधी रिलीज नोट्स वाचा म्हणतात ते अशा गोष्टींसाठी.

खरा इलाज म्हणजे पॅकेजच्या फाइलला हातच न लावणं. माझी २० एमबीची ओळ आता एनजिनएक्सच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये माझ्या स्वतःच्या छोट्या फाइलमध्ये आहे. मुख्य फाइल मूळची जशीच्या तशी, त्यामुळे अपग्रेडला प्रश्नच येत नाही. एसएसएच, मारियाडीबी (डेटाबेस), सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा), सगळ्यांकडे अशी सोय आहे. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. मारियाडीबीत जी फाइल शेवटी वाचली जाते तिचं चालतं, म्हणून लोक नावाला ९९ लावतात. एसएसएचमध्ये उलट, जी किंमत आधी सापडेल तीच धरतो. क्लाउडवरच्या उबुंटूत ५० नंबरची एक फाइल आधीच बसलेली असू शकते, आणि तुमची ९९ वाली फाइल पासवर्ड लॉगिन बंद करायचा कितीही प्रयत्न करो, ५० वालीत ‘चालू’ असेल तर ते चालूच राहतं. तिथे आपल्या फाइलच्या नावाला १० द्या.

पीएचपी या वेबसाइटच्या भाषेचं दुखणं निराळं. डेबियन ११ मध्ये ७.४ होतं, १२ मध्ये ८.२. प्रत्येक आवृत्तीचा फोल्डर वेगळा, त्यामुळे तुमच्या सेटिंग कोणी पुसत नाही, पण नवी आवृत्ती त्यांच्याकडे बघतही नाही. त्या स्वतः नव्या फोल्डरात न्याव्या लागतात.

रेड हॅट, फेडोरावर असाल तर तिथे विचारतच नाहीत. पॅकेज बनवणाऱ्याने ‘नोरिप्लेस’ लिहिलं असेल तर तुमची फाइल राहते आणि नवी ‘आरपीएमन्यू’ म्हणून येते. नसेल लिहिलं तर नवी बसते आणि तुमची ‘आरपीएमसेव्ह’ होते.

आणि एटकीपर बसवा, पाच मिनिटांचं काम आहे. सगळी एट्सी गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) राहते आणि प्रत्येक अपग्रेडच्या आधी-नंतर आपोआप कमिट, म्हणजे नोंद, होतो. कुठली ओळ कधी गेली हे मग आठवत बसावं लागत नाही. फक्त ते गिट बाहेर कुठे पुश करू नका, आत पासवर्डच्या फाइलीही असतात.

तुमच्या आत्ताच्या फाइलपुरतं: ओल्ड आणि सध्याची यांचा डिफ (फरक) काढा, आपल्या ओळी उचला, मग एनजिनएक्स असेल तर ‘एनजिनएक्स डॅश टी’, एसएसएच असेल तर ‘एसएसएचडी डॅश टी’ चालवा आणि काही तक्रार आली नाही तरच रीलोड करा. एसएसएचच्या बाबतीत आत्ताचं लॉगिन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून आत शिरता येतंय का ते आधी बघा.