पीएलए (लॅक्टिक आम्लापासून बनणारं जैवविघटनशील प्लास्टिक) ठिसूळ आहे आणि उष्णतेत मऊ पडतो. कोणता फिलर (भर घालायची पूड) टाकल्यास तो मजबूत, उष्णता सोसणारा आणि स्वस्त होईल?

असा एक फिलर नाही. तुम्ही तीन गोष्टी एकदम मागितल्या आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. कधीकधी तर ते एकमेकांच्या मुळावर येतात. मी कंपाउंडिंगच्या, म्हणजे प्लास्टिकमध्ये इतर पदार्थ मिसळण्याच्या कामात आहे, त्यामुळे हा प्रश्न सतत कानावर पडतो. त्यात तक्रार ठिसूळपणाची असते आणि हातात मात्र टॅल्कची (शंखजिऱ्याच्या पुडीची) गोणी असते.

आधी ठिसूळपणाच घेऊ. पीएलएची ताणशक्ती ५० ते ७० मेगापास्कल असते, म्हणजे कमी नाही. अडचण अशी की तुटण्याआधी तो जेमतेम पाचेक टक्के लांबतो. टॅल्क, चुनखडीची पूड किंवा लाकडाचा भुसा घातला की ताठपणा वाढतो, पण लांबणं बहुधा आणखी घटतं. गुठळी राहिली असेल तर तडा नेमका तिथूनच सुरू होतो. म्हणून इथे फिलर नको, ब्लेंड हवा, म्हणजे दुसऱ्या प्लास्टिकचं मिश्रण.

नेहमीचा जोडीदार म्हणजे पीबीएटी. हे जैवविघटनशील पॉलिएस्टर ५०० टक्क्यांहून जास्त ताणलं जातं. बीएएसएफचं 'इकोव्हिओ' याच दोघांच्या मिश्रणातून बनतं. (पीबीएटी मुख्यतः खनिज तेलापासून बनतं, हा आक्षेप कोणीतरी घेईलच. तो खरा आहे, पण कच्चा माल कुठून आला यावर विघटन ठरत नाही, रेणूच्या रचनेवर ठरतं.)

दोन्ही पॉलिएस्टर असली तरी एकमेकांत विरघळत नाहीत. २०-३० टक्के पीबीएटी घातलं तर पीएलएमध्ये त्याचे बारीक थेंब विखुरतात. हे थेंब मोठे असतील किंवा भोवतालच्या पीएलएला नीट चिकटले नसतील, तर धक्का बसताच कडेने सुटतात आणि लवचीकपणा कागदावरच राहतो. खरं काम या सीमेवर आहे. त्यासाठी इपॉक्सी गट असलेला चेन एक्स्टेंडर (साखळ्या जोडणारं रसायन) अर्धा टक्क्याच्या आसपास घालतात. तो दोन्हींच्या साखळ्यांची टोकं पकडतो आणि काही ठिकाणी पीएलए व पीबीएटी एकाच रेणूत जोडतो. हे जोडरेणू सीमेवर बसतात, थेंब बारीक राहतात आणि ताण एका पदार्थातून दुसऱ्यात पोहोचतो. मात्रा वाढवली म्हणजे फायदा वाढतो असं नाही. जास्त झालं की वितळलेला माल घट्ट होतो आणि जेलच्या गाठी धरतो. पीबीएटी घालण्याची किंमत ताठपणात मोजावी लागते, कारण पीबीएटी मुळातच नरम आहे.

सायट्रेटसारखा प्लॅस्टिसायझर (प्लास्टिक नरम करणारा द्रव) हा सोपा मार्ग वाटतो. पातळ फिल्मसाठी तो चालेल, तुमच्यासाठी नाही. त्याने मऊ पडण्याचं तापमान आणखी खाली येतं आणि कालांतराने तो पृष्ठभागावर झिरपतो.

आता उष्णता. पीएलए ५५-६० अंशांना मऊ पडतो, कारण साच्यात झटपट थंड होताना त्याचे स्फटिक तयारच होत नाहीत. टॅल्कचा खरा उपयोग इथे आहे, तोही एखाद्या टक्क्यातच. प्रत्येक कणावर स्फटिक वाढायला सुरुवात होते. मात्र स्फटिक भराभर वाढतात ते १०० ते ११० अंशांच्या पट्ट्यात. साचा गार ठेवला तर टॅल्क असून नसल्यासारखा. साचा तापवला की प्रत्येक नगाला वेळ जास्त लागतो, हेही धरून चाला. शिवाय डी-लॅक्टाइडचं (साखळीतल्या उलट्या ठेवणीच्या घटकाचं) प्रमाण कमी असलेली ग्रेड लागते. जास्त असेल तर साखळ्या नीट रचल्याच जात नाहीत.

स्वस्ताईसाठी लोक स्टार्च किंवा भुशाकडे वळतात. दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि वितळलेल्या पीएलएचा पाणी हा शत्रू आहे. पीएलएचे दाणे साधारण २५० पीपीएमच्या (दहा लाखांत २५० भाग पाणी) खाली वाळवतात, तर हवेत पडलेल्या भुशात काही टक्के ओलावा सहज असतो. तो एक्स्ट्रुडरमध्ये (प्लास्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात) शिरला की साखळ्या तुटतात आणि आधीचा सगळा खटाटोप वाया जातो. मला स्वतःला जिप्सम जास्त आवडतं. लॅक्टिक आम्ल बनवण्याच्या जुन्या पद्धतीत टनामागे जवळपास टनभर जिप्सम उरतं. तेच सुमारे ५०० अंशांना भाजून निर्जल केलं की पीएलएला चांगला फिलर होतो. नॅनो क्लेचा (अतिसूक्ष्म चिकणमातीचा) विचार मात्र ऑक्सिजन अडवायचा असेल तरच करा.

विघटनाकडेही लक्ष असू द्या. ईएन १३४३२ या युरोपीय मानकानुसार कंपोस्टिंगमध्ये सहा महिन्यांत ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइड व्हावं लागतं. १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त तुकडे उरता कामा नयेत. खनिज फिलर यात आडवा येत नाही, जाड भिंत आणि जास्त स्फटिक मात्र वेग कमी करतात. पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन मिसळून काम भागवण्याचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाकारा. तो भाग मागे तसाच उरतो.

तुमची ग्रेड कोणती, साचा किती अंशांपर्यंत तापवता येतो आणि वस्तूची भिंत किती जाड आहे हे कळवलंत, तर प्रमाणांबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.