मारकुट्या नवऱ्याला समुपदेशनाला पाठवून फरक पडतो का?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या बहिणीबद्दल तुम्ही विचारलंय. नवरा म्हणतोय, "मी काउन्सेलिंगला जातो, तू तक्रार मागे घे." जाऊ द्या की त्याला! पण तक्रार मागे घेऊ नका.

अमेरिकेतल्या डुलुथमध्ये १९८० च्या दशकात अशा पुरुषांसाठी गट सुरू झाले आणि तो नमुना पुढे बऱ्याच देशांनी उचलला. २००४ मध्ये संशोधक बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांवरचे २२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पुन्हा मारहाण होण्यात निव्वळ कार्यक्रमामुळे पडलेला फरक जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास निघाला. अगदीच शून्य नाही, पण त्यावर बाईचा जीव टांगावा इतकाही नाही. मधेच सोडून जाणारे पुन्हा हात उचलण्याची शक्यता जास्त, म्हणून तो खरंच जातो का हे बघणारं कुणीतरी हवं.

आपल्याकडे बहुतेकदा होतं ते वेगळंच. काका-मामा दोघांना एकाच सोफ्यावर बसवतात, चहा येतो, तो रडतो, आणि ती त्याच्यासमोर काय बोलणार, कपाळ? याला समुपदेशन म्हणत नाहीत.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात कलम १४ खाली मॅजिस्ट्रेट त्याला एकट्यालाही समुपदेशनाला पाठवू शकतात. सोबत कलम १८ चा संरक्षण आदेश मागा. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुजरातेत १८१ अभयम ही महिला हेल्पलाइन आहेच, नंबर बहिणीला तोंडपाठ करायला सांगा. फोन तो काढून घेऊ शकतो.