सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना संगणक शिकवायला कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की एम.पी.एच.च्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाला संगणकाचे १२ तास मिळालेत, वर्गात नर्सिंग, आयुर्वेद, समाजकार्य अशा सगळ्या शाखांची मुलं आहेत आणि अभ्यासक्रमात आधी वर्ड, मग पॉवरपॉइंट, शेवटी एक्सेल असा क्रम दिलाय. त्याच क्रमाने जावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मला विचाराल तर नका जाऊ. मी आधी तालुका आरोग्य कार्यालयात डेटा एंट्री केली आणि आता बरीच वर्षं अशाच मुलांना शिकवते. पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र असो, जिल्हा परिषद असो की एखादी संस्था, या मुलांच्या हातात पहिल्या दिवसापासून रुग्णांची यादी येणार आहे, म्हणजे लाईन लिस्ट. १२ पैकी ८ तास तिलाच द्या. वर्डमधलं पत्र त्यांना शेजारच्या टेबलावरचं कुणीही दाखवेल.

पहिल्या तासाला संगणक बंदच ठेवा. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये असतात तशा १५-२० नोंदी स्वतः रचा, कागदावर द्या आणि दोघादोघांना मिळून तक्ता आखायला सांगा. बहुतेक जण ‘लक्षणं’ असा एकच रकाना करतात आणि त्यात ‘जुलाब + उलट्या, ३ दिवस, ताप नाही’ असं सगळं भरतात. वयाच्या रकान्यात ‘६ महिने’, ‘२॥’, ‘६५’ एकाखाली एक येतात. मग विचारा, उलट्या झालेले किती? पाच वर्षांखालचे किती? बोटं ठेवून मोजायला लागतात आणि दोन जोड्यांची उत्तरं जुळत नाहीत. एका ओळीत एक माणूस, एका चौकटीत एकच गोष्ट, आणि महिन्यांचं वय वेगळ्या रकान्यात, हे तेव्हा त्यांचं त्यांनाच कळतं. संगणकासमोर बसवून हेच सांगितलं तर वहीत लिहून घेतात आणि विसरतात.

दुसरा तास फाइल आणि फोल्डरला. ही मुलं मोबाइलवर आपल्यापेक्षा चपळ आहेत, पण मोबाइल फाइल कुठे ठेवतो ते दाखवतच नाही. ‘फाइल कुठे आहे?’ विचारलं की ‘व्हॉट्सअ‍ॅपवर’ असं उत्तर येतं. नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी घालायला लावा, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. आणि आलेली मूळ फाइल तशीच ठेवून काम नेहमी प्रतीवर करायचं, ही सवय पहिल्या आठवड्यातच लागू द्या.

आता तारखा. यावर मी दोन तास घालवते, तुम्हीही घालवा. सरावासाठी मी एकदा जुलाबाच्या साथीची बनवलेली यादी दिली होती, सगळे रुग्ण ५ ते १८ जूनमधले. एका मुलीने मन लावून आलेख काढला. त्यात मे ते डिसेंबर, दर महिन्याच्या बरोबर ६ तारखेला रुग्ण दिसत होते. तिने त्याचं कारणही शोधलं होतं: गावाची टाकी महिन्यातून एकदाच भरत असावी. झालं होतं असं, की संगणकाची मांडणी अमेरिकी होती, म्हणजे आधी महिना. ०५/०६ म्हणजे ५ जून, तो ६ मे झाला. ०७/०६ चा ६ जुलै झाला. असं १२ तारखेपर्यंत. तेरावा महिनाच नसल्यामुळे १३ जूनपासूनच्या नोंदी तारीख न राहता नुसती अक्षरं झाल्या आणि आलेखातून गळाल्या. एक्सेलने चूक म्हणून काहीच दाखवलं नाही.

मुलांना हे आधी सांगू नका. अशीच यादी द्या, आलेख काढू द्या आणि मग तो रकाना नीट बघायला सांगा: काही तारखा चौकटीत उजवीकडे सरकलेल्या, काही डावीकडे चिकटलेल्या. उजवीकडची एक्सेलने तारीख म्हणून घेतलेली, मग ती उलटलेली का असेना; डावीकडची नुसती अक्षरं. रकान्याला आपणहून डावं-उजवं केलेलं नसेल तर ही खूण चुकत नाही. त्यानंतर विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश ‘इंग्लिश (इंडिया)’ कसा करायचा ते दाखवा.

आभा क्रमांकाचंही, म्हणजे रुग्णाच्या सरकारी आरोग्य ओळख क्रमांकाचंही असंच. तो १४ आकडी. एक्सेल त्याला मोठी संख्या समजून आखडून दाखवतं, मध्ये ई अक्षर येतं. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर म्हणून सेव्ह झाली की मागचे आकडे कायमचे गेले. म्हणून क्रमांक भरायच्या आधी तो रकाना टेक्स्ट करून घ्यायचा.

गावांच्या नावांचा घोळ तर ठरलेला. वडगाव, वाडगाव, वडगांव, आणि शेवटी एक मोकळी जागा सुटलेलं वडगाव. पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे एक्सेल आपोआप गटवार मोजून देतं त्या तक्त्यात, एका गावाची चार गावं होतात आणि साथ कुठे आहे तेच दिसत नाही. डेटा व्हॅलिडेशनची यादी करून, म्हणजे चौकटीत ठरलेलीच नावं येतील असं बांधून, गाव निवडायला लावा. मराठी टायपिंग शिकवणार असाल तर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीतच शिकवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की वाचता येत नाही.

‘एवढ्याशा गोष्टींनी काय होतं’ असं मुलांना वाटतं. त्यांना इंग्लंडची गोष्ट सांगा. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले तिथले १५,८४१ कोविड रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओढली जात होती आणि त्यात ६५,५३६ ओळींपुढे जागा नसते. नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. रुग्णांना निकाल कळवले होते, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायचं काम मात्र कित्येक दिवस मागे पडलं.

एक तास गोपनीयतेला ठेवाच. रुग्णांची नावं, मोबाइल नंबर असलेली यादी ग्रुपवर टाकताना मी पाहिली आहे, आणि टाकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. एचआयव्हीबाधितांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, हे त्यांना माहीत हवं. नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक कसा द्यायचा, नावं आणि क्रमांक जोडणारी फाइल पासवर्ड लावून वेगळी कशी ठेवायची, हे हाताने करून घ्या. इथे मुलं नावाचा रकाना ‘हाइड’ करून मोकळी होतात. ती फाइल शेजारच्याला पाठवायला लावा आणि त्याला तो रकाना पुन्हा उघडून दाखवू दे.

सूत्रांमध्ये मोजणी, टक्केवारी आणि हल्ला दर (लोकसंख्येपैकी किती टक्के आजारी पडले) एवढं पुरे. लोकसंख्येची चौकट डॉलरच्या चिन्हाने बांधून ठेवायला शिकवा, नाहीतर सूत्र खाली ओढताना भाजकच बदलतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने बनवलेलं एपी इन्फो हे साथींच्या आकडेवारीचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण ते दुसऱ्या सत्रात. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांची घाई करू नका. मूळ यादी खराब असेल तर तिथेही उत्तर चुकीचंच येईल.

परीक्षा लेखी घेऊ नका. ६० ओळींची मुद्दाम बिघडवलेली यादी द्या: उलटलेल्या तारखा, दोनदा आलेला रुग्ण, २५० वर्षांचा माणूस, गरोदर म्हणून नोंदलेला पुरुष. दीड तासात ती साफ करायची आणि काय बदललं, का बदललं, ते शेजारच्या शीटवर ओळीओळीने लिहायचं. मी गुण त्या दुसऱ्या शीटला जास्त देते. २५० चं २५ करून मोकळा झालेला विद्यार्थी आणि ‘वय संशयास्पद, उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन करून विचारावं लागेल’ असं लिहिणारी विद्यार्थिनी, यांतला फरक तिथेच दिसतो.